रजा संपल्यावरचं दूध

कामावर परत रुजू झालेल्या आईचं दूध दोन-तीन आठवड्यांत कमी व्हायला लागलं की सगळीकडून एकच निदान ऐकू येतं, 'ताणामुळे दूध आटलं.' हे निदान सगळ्यांच्या सोयीचं आहे. ताण तिचा, शरीर तिचं, म्हणजे दोषही तिचाच. तिचा ड्युटी चार्ट मागवून बघायची तसदी कुणी घेत नाही. बघितला, तर कारण अनेकदा तिथेच लिहिलेलं असतं. सकाळी आठला बाळाला पाजून निघालेली बाई दुपारी दीडला पहिल्यांदा दूध काढते, तेही दहा मिनिटांत उरकून. मग बाळ अंगाला लागतं ते थेट संध्याकाळी सात वाजता. अकरा तासांत एकदा, आणि तेही अर्धवट. एवढ्यावर कुणाचंही दूध कमी होईल, मग ती कितीही निवांत स्वभावाची असो.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत दूध संप्रेरकांच्या जोरावर उतरतं. पाजलं नाही तरी छाती भरून येते. पुढे मात्र सगळा कारभार उपशावर चालतो. स्तन जितका रिकामा होतो तितक्या वेगाने दूध तयार होतं, आणि तो भरत जातो तसतसा वेग मंदावतो. साठलेलं दूधच नव्या दुधाला ब्रेक लावतं. हा ब्रेक दोन्ही बाजूंना वेगवेगळा असतो. बाळाने एक बाजू सोडून दिली, तर ती आटते आणि दुसरी व्यवस्थित चालू राहते. रक्तातली संप्रेरकं दोन्हीकडे सारखीच पोचत असतात, तरीही. एखाद्या दिवशी एखादी वेळ चुकली म्हणून काही बिघडत नाही. पण रोज तीच वेळ चुकत गेली की शरीर धरून चालतं, ही मागणी आता संपली.

यात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती बायकांनाही सहसा कुणी सांगत नाही. स्तनात एका वेळी किती दूध साठू शकतं हे प्रत्येकीचं वेगळं असतं, आणि बाहेरून दिसणाऱ्या आकारावरून ते ओळखता येत नाही. चोवीस तासांत सारखंच दूध देणाऱ्या दोघींपैकी एक पाच तास सहज काढू शकते, तर दुसरी तीन तासांत ताठरते आणि तिची निर्मिती मंदावायला लागते. म्हणून 'अमुक तर दिवसातून एकदाच काढायची, तुला तीनदा कशाला हवं?' हा प्रश्न शरीरशास्त्राच्या दृष्टीने निरर्थक आहे. वरिष्ठाने विचारला तरी आणि जावेने विचारला तरी.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की नोकरी आणि अंगावरचं दूध यांचा प्रश्न हा मुळात कामाच्या तासांचा प्रश्न आहे, आणि आपण तो कधी प्रबोधनाचा करतो, कधी खोलीचा, कधी यंत्राचा. कामाची जागा आईला चार गोष्टी देऊ शकते. बाळाला जवळ ठेवायची सोय, ठरलेला वेळ, कडी लागणारी खोली आणि दूध काढायचं यंत्र. दूध टिकण्याच्या दृष्टीने महत्त्वाचा क्रम हाच आहे. संस्था मात्र खर्च उलट्या टोकाकडून करत येतात. आधी यंत्र किंवा त्यावर सवलत, मग गुलाबी भिंतीची खोली, खोलीच्या उद्घाटनाचा फोटो. वेळेपाशी पोचेपर्यंत उत्साह संपलेला असतो, आणि पाळणाघराचा विषय पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात जातो.

वेळेची मागणी काही नवी नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना १९१९ साली स्थापन झाली आणि त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या पहिल्या परिषदेत तिने प्रसूती संरक्षणाचा करार केला. बाळाला पाजणाऱ्या बाईला कामाच्या वेळात दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास मिळावा, हे त्यात स्पष्ट लिहिलं होतं. २००० सालच्या १८३ क्रमांकाच्या करारात या विरामांची संख्या आणि लांबी ठरवणं देशांच्या कायद्यावर सोपवलं, पण हा वेळ कामाचा धरावा आणि त्याचा पगार द्यावा, हे पक्कं केलं. शंभरहून जास्त वर्षांपूर्वीचा तो अर्धा तास आजही अनेकांच्या डोक्यात घट्ट बसलेला आहे. अडचण अशी, की त्या कलमात वेळ दिला होता तो बाळाला पाजायला. बाळ शेजारच्या खोलीत असेल तर तो पुरतो. आई बाळाला घेते, पंधरा-वीस मिनिटांत पाजणं होतं, धुवायला काही उरत नाही, साठवायला काही उरत नाही. बाळ दहा किलोमीटरवर असलं की त्याच अर्ध्या तासात काय काय बसवावं लागतं, ते मांडून बघा. खोलीपर्यंत जायला तीन मिनिटं. हात धुऊन पंप जोडायला चार. दूध काढायला पंधरा, आणि हे दोन्ही बाजूंना एकाच वेळी लागणारा पंप असेल तर. एकेरी पंपाला जवळपास दुप्पट. दूध बाटलीत ओतून, तारीख-वेळ लिहून थंड जागी ठेवायला तीन. भाग धुवायला पाच. परत जागेवर यायला तीन. झाली तेहेतीस मिनिटं, आणि ती सगळं सुरळीत असताना. खोली दोन मजले वर असेल, लिफ्टला रांग असेल, किल्ली कुणाकडे तरी मागावी लागत असेल, तर कात्री लागते ती मधल्या पंधरा मिनिटांना. कारण बाकीच्या पायऱ्या गाळताच येत नाहीत.

या संघटनेच्या २००० सालच्याच १९१ क्रमांकाच्या शिफारशीत एक पर्याय दिला आहे. मालक आणि बाई दोघांची तयारी असेल तर हे विराम एकत्र करून दिवसाच्या सुरुवातीला किंवा शेवटी कामाचे तास कमी करता यावेत. कागदावर तो उदार दिसतो आणि अनेकींना आवडतोही, कारण घरी तासभर लवकर पोचता येतं. आठ-नऊ महिन्यांच्या बाळाच्या आईला तो चालूही शकतो. पण चार महिन्यांच्या बाळाच्या आईने मधले सात-आठ तास काहीच न काढणं म्हणजे रोज सात-आठ तास ब्रेक दाबून धरणं. वाचवलेला तास तिला मिळतो, आणि महिन्याभरात दूध जातं. हा पर्याय देताना कुणीतरी हे तिला समजावून सांगायला हवं.

आता ताणाबद्दल, कारण ते निदान अगदीच खोटं नाही. दूध तयार होणं आणि दूध बाहेर येणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. बाळ ओढायला लागलं, किंवा नुसती त्याची आठवण झाली, तरी ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं, दुधाच्या पिशव्यांभोवतीचे बारीक स्नायू आकुंचन पावतात आणि पान्हा सुटतो. भीती, लाज, वेदना, थंडी यांनी हा पान्हा अडतो. पंप लावल्यावर पहिलं दीड-दोन मिनिट नुसते थेंब पडतात, मग एकाएकी धारा लागतात. चार-पाच मिनिटांनी त्या ओसरतात, आणि पंप तसाच चालू ठेवला तर थोड्या वेळाने दुसरा पान्हा येतो. समजा धारा लागायच्या बेतात आहेत आणि दारावर थाप पडली, 'किती वेळ आहे अजून?' धारा थांबतात. छातीत दूध आहे, पंप ओढतोय, आणि बाटलीत काही पडत नाही. त्या परत सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं जातात, कधी होतच नाहीत. ताणाने दूध जातं ते असं. स्तन पुरता रिकामा होत नाही, आणि रिकामा न झाल्यामुळे पुढचं कमी तयार होतं. दाराची आतली कडी ही इथे सौजन्याची बाब राहत नाही, ती पंपाइतकीच उपकरण ठरते.

खोलीची यादी म्हणूनच छोटी आहे. आतून लागणारी कडी, पाठीला आधार असलेली साधी खुर्ची, कोपराच्या उंचीचं टेबल, हाताशी विजेचा प्लग, जवळ बेसिन, दूध ठेवायला फ्रीज. मऊ सोफा नको. त्यात बाई मागे रेलते आणि दूध बाटलीत न जाता फनेलमधून, म्हणजे पंपाच्या स्तनाला लावायच्या नरसाळ्यातून, मागे ओघळतं. कॅमेरा नको, हे लिहावं लागू नये, पण लिहिलेलं बरं. आणि शौचालय म्हणजे ही खोली नव्हे. तिथे कुणी जेवण बनवत नाही, तर बाळाचं जेवणही तिथे बनू नये. फ्रीज वेगळाच हवा असंही नाही. आईचं दूध हे अन्न आहे. झाकणाच्या डब्यात ठेवून ते सगळ्यांच्या फ्रीजमध्ये इतरांच्या डब्यांशेजारी ठेवायला हरकत नसते. त्याकडे बघून नाक मुरडणाऱ्यांनी शेजारच्या दुधाच्या पिशवीत काय असतं ते आठवावं.

ज्यांचं काम टेबलाशी नाही त्यांचं काय? बस चालवणारी, वॉर्डात एकटी असलेली नर्स, वर्गावर उभी असलेली शिक्षिका, सरकत्या पट्ट्यावर काम करणारी कामगार. यांना 'कामातून सवड मिळेल तेव्हा जा' असं सांगणं म्हणजे जाऊ नका असंच सांगणं. सवड मिळणार नाही, कारण त्या कामाची रचनाच तशी आहे. इथे बदली माणूस हाच एकमेव उपाय, आणि तो चार्टवर लिहिलेला हवा: १०:४५ ते ११:२०, अमुक जागेवर तमुक. तोंडी परवानगीत बाईला रोज नव्याने कुणाला तरी विनंती करावी लागते. पहिल्या आठवड्यात सहकारी हसून हो म्हणतात, तिसऱ्या आठवड्यात घड्याळाकडे बघतात. त्यात सहकाऱ्यांचंही चुकत नाही. त्यांच्यावर टाकलेलं काम कुणी मोजलेलं नसतं. नाराजी टाळायची असेल तर ते काम नियोजनात आणायला हवं, बाईच्या गोड बोलण्यावर सोडायला नको.

हा वेळ किती काळ द्यायचा, याची धास्ती बहुतेक मालकांना असते, म्हणून हिशेबच करू. बाळ चार महिन्यांचं असताना आई रुजू झाली असं धरा. सहा महिन्यांपर्यंत दिवसातून तीन विराम. वरचं अन्न सुरू झाल्यावर नऊ महिन्यांपर्यंत दोन. पुढे वर्षापर्यंत एक. वर्षानंतर बहुतेकींना कामाच्या वेळात दूध काढावं लागत नाही. सकाळ, संध्याकाळ आणि रात्रीच्या पाजण्यावर दूध टिकून राहतं. प्रत्येक विराम अर्ध्या तासाचा आणि महिन्याला २२ दिवस धरले, तर पहिले दोन महिने ६६ तास, पुढचे तीन महिने ६६ तास, शेवटचे तीन महिने ३३ तास. एकूण १६५ तास, म्हणजे आठ तासांचे जेमतेम २१ दिवस, तेही आठ महिन्यांत विखुरलेले, आणि त्यातला काही भाग नाहीतरी चहा-जेवणाच्या सुटीत जाणारा. शिकवून तयार झालेली बाई नोकरी सोडून गेली, तर तिच्या जागी दुसरी व्यक्ती शोधून तिला शिकवायला याहून कमी दिवस लागतात का, हे मालकाने आपलं आपण बघावं.

विराम चुकवण्याची किंमत दुसरीकडूनही येते. तुंबलेल्या स्तनात गाठ लागते, वरची त्वचा लाल आणि गरम होते, अंगात कणकण येते. जुना सल्ला होता, जोरात चोळा आणि काढून काढून पूर्ण रिकामं करा. आता स्तनपान वैद्यक नेमका उलटा सल्ला देतं. जोरात चोळल्याने आतली सूज वाढते, आणि जास्तीचं काढल्याने निर्मिती आणखी वाढून तुंबणं परत येतं. नेहमीइतकंच पाजा किंवा काढा, बर्फाचा शेक द्या, डॉक्टरांना विचारून सूज उतरवणारं औषध घ्या. चोवीस तासांत उतार पडला नाही, किंवा थंडी वाजून ताप चढला, तर डॉक्टरांकडे जा. यात एक-दोन दिवसांची रजा सहज जाते. चुकवलेल्या अर्ध्या तासाचा हिशेब मांडताना हीही बाजू मांडायला हवी.

यंत्राबद्दलचा माझा राग यंत्रावर नाही. मोठ्या आशेने घेतलेला पंप महिन्याभरात कपाटात जातो, त्याची कारणं फारच साधी असतात आणि ती कुणी सांगत नाही, यावर आहे. बऱ्याच पंपांसोबत २४ मिलिमीटरच्या आसपासचं फनेल येतं, आणि ते सगळ्यांना बसत नाही. मापाचं फनेल म्हणजे स्तनाग्राच्या रुंदीइतकं किंवा त्याहून दोन-तीन मिलिमीटर मोठं. ओढल्यावर स्तनाग्र नळीत मोकळं पुढेमागे व्हायला हवं. ते कडेला घासत असेल तर फनेल लहान आहे. भोवतालचा काळसर भाग बराचसा आत खेचला जात असेल तर मोठं. दोन्हीत दुखतं, आणि दुखलं की पान्हा अडतो. दुसरी चूक म्हणजे खेच शेवटच्या आकड्यावर नेणं. दूध ओढून येत नाही, पान्ह्याने येतं. सुरुवातीला हलकी आणि भरभर लय, धारा लागल्यावर संथ लय, आणि जोर दुखायला लागण्याच्या एक पायरी खाली. तिसरं कारण तर फक्त काही मिलिमीटरचं असतं. बाटलीच्या तोंडाशी रबराची छोटी झडप असते, बदकाच्या चोचीसारखी. रोज तीनदा वापरली की महिन्या-दोन महिन्यांत ती सैल पडते, चोच पुरती मिटत नाही, आणि खेच गळते. मोटर तोच आवाज काढत राहते, त्यामुळे दोष यंत्रात आहे असं वाटतच नाही. दूध कमी झालं असं वाटतं. उजेडात धरून त्या चोचीतून फट दिसते का बघा. एक जास्तीची झडप पिशवीत ठेवली तर अनेक 'आटलेली' दुधं परत येतील.

आणि पंपाशिवायही चालतं. जिथे वीज नाही, खोली नाही, तिथे दहा बोटं पुरतात. अंगठा वर आणि बोटं खाली, स्तनाग्रापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे; आधी छातीच्या दिशेने आत दाबायचं, मग बोटं एकमेकांकडे आणायची, सोडायचं. कातडीवरून बोटं ओढायची नाहीत, स्तनाग्र पिळायचं नाही. धार मंदावली की बोटांची जागा फिरवायची. तीन-चार दिवसांत हात बसतो. पंपानंतर दोन मिनिटं असं हाताने काढलं तर यंत्राने मागे ठेवलेलं दूध येतं, आणि ते जास्त स्निग्ध असतं.

दूध कमी पडतंय हा समज कामाच्या जागेइतकाच घरीही तयार होतो. एक ते सहा महिन्यांचं, फक्त आईच्या दुधावरचं बाळ चोवीस तासांत सरासरी ७५० ते ८०० मिली दूध पितं, आणि या काळात हा आकडा फारसा वाढत नाही. म्हणजे तासाला साधारण ३०-३५ मिली. आई दहा तास बाहेर असेल तर मागे ३०० ते ३५०, फार तर ४५० मिली ठेवलं की पुरतं. आता होतं काय, तर बाळ सांभाळणारी व्यक्ती डब्याच्या दुधाचं कोष्टक डोळ्यांसमोर ठेवून एकेका वेळी १८० मिलीची बाटली भरते. बाळाला आडवं ठेवून बाटली उभी धरली की दूध आपोआप घशात उतरतं. बाळाला गिळण्यावाचून गत्यंतर नसतं. बाटली पाच मिनिटांत संपते. बाळ अजून चोखायला मागतं, कारण चोखण्याची भूक वेगळी असते. मग दुसरी बाटली. संध्याकाळी आईच्या हातात ३०० मिली, बाळाच्या पोटात ५५० मिली, आणि निष्कर्ष तयार: तिचं दूध पुरत नाही. उपाय खर्चाचा नाही. बाटल्या ६० ते ९० मिलीच्या भरायच्या. बाळाला जवळजवळ बसतं धरायचं, बाटली आडवी ठेवायची, हळू येणारं निपल वापरायचं, दर मिनिटा-दोन मिनिटांनी बाटली खाली करून श्वास घेऊ द्यायचा. एका वेळच्या पाजण्याला पंधरा मिनिटं तरी लागली पाहिजेत. वाटी-चमच्याने पाजलं तर हा प्रश्न बराचसा येतच नाही. ही सवय आई रुजू व्हायच्या दोन-तीन आठवडे आधी लावावी, आणि लावणारी व्यक्ती आई नसावी; बाळाला तिच्या अंगाचा वास येत असताना ते वाटीकडे का वळेल?

फ्रीझर भरून ठेवायच्या स्पर्धेबद्दल तीनच वाक्यं. पहिल्या दिवसाला पुरेल इतकं आणि अडीअडचणीला आणखी एक-दोन दिवसांचं, एवढा साठा पुरे. आज काढलेलं उद्या वापरलं जातं आणि चक्र सुरू राहतं. रजेत तीस-चाळीस पिशव्या साठवायच्या नादात शरीराला जुळ्यांची मागणी कळते, आणि कामावर गेल्यावर ती बाई दर दोन तासांनी तुंबते.

साठवणुकीचे नियम पाठ होतील इतके थोडे आहेत. ताजं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं, त्याहून उकाडा असेल तर लगेच थंडीत ठेवावं. बर्फाच्या पिशव्या घातलेल्या जाड पेटीत चोवीस तास. ४ अंशांच्या फ्रीजमध्ये चार दिवस. दारात न ठेवता आत मागच्या बाजूला. उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये सहा महिन्यांच्या आत वापरलेलं उत्तम. फ्रीजमध्ये वितळवलेलं चोवीस तासांत संपवायचं, परत गोठवायचं नाही. बाळाने तोंड लावून उरलेलं दोन तासांनी टाकायचं. जीव तुटतो, पण टाकायचं. मायक्रोवेव्ह नको, कारण दूध मधेच चटका लागेल इतकं तापतं आणि बाहेरून बाटली कोमट लागते. वर साय धरल्यासारखं दिसलं म्हणजे नासलं असं नाही. हलक्या हाताने फिरवलं की मिसळतं. काहींच्या गोठवलेल्या दुधाला साबणासारखा वास येतो. दुधातलंच एक विकर स्निग्धांश फोडतं, त्याचा तो वास. दूध चांगलं असतं, पण काही बाळं तोंड फिरवतात. म्हणून साठा करण्याआधी एक पिशवी आठवडाभर गोठवून, वितळवून, वास घेऊन बघावी. वास येत असेल तर पुढचं दूध गोठवण्याआधी कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत तापवून लगेच थंड करायचं.

यावर आक्षेप येतो, की डब्याचं दूध आहे की, मग एवढा खटाटोप कशाला? डब्याचं दूध देणाऱ्या आईला कुणीही कमी लेखू नये, आणि ते कुणी दिलं तर त्याचं स्पष्टीकरण तिने कुणालाही देणं लागत नाही. पण तो निर्णय असावा. चार्टमध्ये अर्धा तास बसला नाही म्हणून झालेल्या गोष्टीला निर्णय म्हणणं ही शब्दांची चलाखी आहे. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षं किंवा त्याहून पुढे पाजायला सांगते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार किमान रजा धरतो १४ आठवड्यांची, शिफारस करते १८ ची, आणि त्यातले काही आठवडे बाळंतपणाआधीच जातात. सहा महिने म्हणजे २६ आठवडे. दोन्ही संस्था संयुक्त राष्ट्रांच्याच छत्राखाली, आणि दोघींच्या आकड्यांमध्ये आठ ते बारा आठवड्यांचं भगदाड. ते बुजवायचं काम आईच्या पंपावर सोडलेलं आहे.

म्हणूनच पंपाचं फार कौतुक करणाऱ्या संस्थांकडे जरा संशयाने बघावं. दूध काढायची सोय आहे म्हणून रजा वाढवायची गरज नाही, पाळणाघराची तर नाहीच नाही, असा युक्तिवाद त्या यंत्रावर सहज उभा राहतो. पंप हा रजेचा पर्याय नाही. बाळ जितक्या नीट स्तन रिकामा करतं तितकं यंत्र करत नाही, आणि दिवसातून तीनदा जोडणं, धुणं, वाळवणं हे काम शेवटी बाईच्याच दिवसात भर घालतं. मोठ्या आवारात पाळणाघर आणि लहान ठिकाणी लांब रजा, या दोन मागण्या पंपामुळे मागे पडत असतील, तर तो फायद्याचा सौदा नाही.

रुजू होतानाच्या दोन बारीक गोष्टी कामाच्या जागेला फुकटात करता येतात. पहिला दिवस सोमवार न ठेवता बुधवार किंवा गुरुवार ठेवायचा. दोन-तीन दिवसांनी सुटी येते, बाळ दिवसभर अंगावर पितं आणि घसरलेली निर्मिती सावरते. आणि पहिले दोन आठवडे विरामांच्या वेळा तिच्या शरीराप्रमाणे ठरवू द्यायच्या, मग चार्टवर पक्क्या करायच्या. या दिवसांत बाळ रात्री जास्त वेळा उठून प्यायला लागलं तर तो बिघाड नसतो, ते दिवसाची भरपाई करत असतं. पाळी परत सुरू झाल्यावर महिन्यातले काही दिवस दूध थोडं कमी येतं आणि पुन्हा वाढतं. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या आणि सर्दीवरची स्यूडोएफेड्रिन असलेली औषधं यांनीही ते घटू शकतं, म्हणून गोळी घेताना आपण पाजतोय हे डॉक्टरांना सांगावं. शिसं किंवा तीव्र द्रावकं हाताळणाऱ्या बाईने तर रुजू होण्याआधीच डॉक्टरांना विचारावं, आणि तिला त्या कामावरून हलवणं ही संस्थेची जबाबदारी धरावी.

विराम बंद करायची वेळ येते तेव्हाही तो एका दिवसात तोडायचा नसतो. पंधरा मिनिटांचे आधी दहा करायचे, तीन-चार दिवसांनी पाच, मग नुसतं जडपण जाण्यापुरतं, आणि मग तो विराम सोडून द्यायचा. आठवडा-दहा दिवस लागतात. दोन विराम असतील तर एक पुरता सुटल्यावरच दुसऱ्याला हात लावायचा. या दिवसांत एखाद्या दुपारी अचानक छाती दगडासारखी होऊ शकते, म्हणून चार्टवरची ती ओळ आणखी एक आठवडा तशीच राहू द्यावी, आणि ती खोडायची तारीख बाईने सांगावी.